बाबांच्या मापाचा किल्ट

स्कॉटलंडमधल्या आमच्या ओबन गावी, चर्चच्या पायऱ्यांवर तो उभा होता, आणि त्याचा किल्ट, म्हणजे आमच्याकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख, पार नडग्यांवर लोंबत होता. आमच्या घरात तीन पिढ्या किल्ट शिवतात. मला कुठलं राहवतंय!

"अहो, किल्ट आहे की घागरा?"

तो वळला. करडे डोळे आणि... अगं बाई, भरून आलेले.

"बाबांचा आहे," तो म्हणाला. "गेले ते, हिवाळ्यात. आज बहिणीचं लग्न. त्यांच्या जागी मी तिला आत न्यायचंय, आणि हा मला मोठा होतोय. सगळे हसतायत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "नाव काय तुमचं?"

"टॉर्किल."

"टॉर्किल, हात वर करा."

"इथे?"

"लाजायला वेळ नाही. नवरी आली बघा!"

दाराआड ओढलं त्याला. पँटसारखा कमरेखाली बांधला होता वेड्याने! किल्ट बेंबीशी बांधतात, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. मी तो वर ओढला, मागच्या निऱ्या सारख्या केल्या, पट्टे आवळले. कड बरोबर गुडघ्यावर आली.

"मोठाबिठा काही नाही. तुमच्याच मापाचा आहे."

तो बघतच राहिला. "दरवेळी बाबाच बांधून द्यायचे. मी नुसता हात वर करून उभा... शिकलोच नाही." मग हळूच म्हणाला, "तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी बहिणीला न्या!"

तो बहिणीला घेऊन ताठ मानेने आत गेला. कुणी हसलं नाही. माझेच डोळे मात्र वाहत होते.

लग्नानंतरच्या नाचाला त्यांनी मलाही थांबवून घेतलं, तेव्हा त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरले. "तू शीना ना, किल्टवाल्यांची? पोरी, आज तो दारातून आला आणि मला आमचे हेच दिसले गं. देव तुझं भलं करो." मग डोळे मिचकावून म्हणाल्या, "पण आमच्यात लग्नाचा किल्ट घरचंच माणूस बांधतं हो!" आणि गेल्या निघून.

शेजारीच उभा टॉर्किल कानापर्यंत लाल.

"मी तर परकी," मी म्हटलं.

"ते... बदलता येईल."

"बराच धीट झालात की!"

"पट्टे आवळलेत तुम्ही. श्वास कोंडलाय, काहीही बोलतोय."

"सैल करू?"

"नको... राहू दे."

मला हसू आवरेना. आईकडून हे काम शिकले, ते आजच्यासाठीच शिकले असं वाटलं. "अहो-जाहो पुरे आता. उद्या दुकानात ये. बांधायला शिकवते."

"शिकलो, तर मग तुझी गरज कशी पडणार?"

मी त्याचा हात धरला.

"नको पडू दे. गरज नसतानाही ये."