नऊशे नव्याण्णवावा मोती

हातात मावणारे जुने व्हिडिओ गेम जमवायचं मला वेड आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. आखातात, अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जिथे इतर बायका क्रॉकरी मांडतात तिथे, माझे गेम असायचे. फक्त एक नव्हता, 'पाणबुड्या'. वर होडी, होडीत दोर धरलेला माणूस, खाली मोती वेचणारा पाणबुड्या आणि एक शार्क. तो शारजाच्या संजयकडेही नव्हता, एवढंच समाधान. संजय या छंदातला माझा प्रतिस्पर्धी. कौतुक करतानाही त्याच्या पोटात दुखायचं.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात शारजातल्या अल मजाजमधल्या एका सुपरमार्केटच्या बोर्डावर चिठ्ठी दिसली: कायमचे भारतात जात आहोत, सामान विकणे आहे. अशाच घरांत घबाड हाती लागतं. कार्गोचे खोके भरून भरून माणसं कंटाळतात आणि जुन्या वस्तूंवरचा त्यांचा जीव उडतो. मी तडक गेले.

दार छायाताईंनी उघडलं. हॉल रिकामा झाला होता. खिडकीत, लगूनच्या पाण्याकडे तोंड करून, 'पाणबुड्या' ठेवलेला होता. मी सरळ तिकडे वळले.

"तो विकायचा नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांचा आहे."

त्यांचे यजमान, प्रकाश, समुद्रातल्या तेलाच्या बार्जवर नोकरीला होते. एकदा ड्युटीवर गेले आणि बार्जवरून पाण्यात पडले. खूप शोधलं, पण सापडले नाहीत. सुट्टीत घरी आले की ते हाच गेम खेळायचे. त्यांचा हाय स्कोअर होता नऊशे अठ्ठ्याण्णव.

"म्हणायचे, एकच मोती राहिलाय. तेवढा मिळाला की खलास, मग कायमचा वर येतो." छायाताई माझ्याकडे बघेनात. "तुम्हाला खेळता येतं ना, अनुपमा? फ्रायडेची फ्लाइट आहे माझी. तोवर नाइन नाइंटी नाइन करा, गेम तुमचा. नाही जमलं तर मी घेऊन जाणार. फक्त सेल काढू नका, ह्यांचा स्कोअर पुसला जाईल."

गेम घेऊन घरी आल्यावर मी काच उन्हात तिरकी धरली. अशा गेममध्ये सगळी चित्रं काचेत आधीच कोरलेली असतात आणि तिरक्या उजेडात ती पुसट दिसतात. जे कोरलेलं नाही ते पडद्यावर उमटूच शकत नाही. होडीत एक माणूस, पाण्यात ठिकठिकाणी पाणबुड्या, शार्क, मोती. सगळं जिथल्या तिथे होतं.

ऑफिसातून आले की वेणी मागे टाकायची, मांडी ठोकायची आणि खेळायला बसायचं. गेम हाताला ओलसर लागायचा. शारजाची दमट हवा मुरली असेल, म्हटलं. मग त्याला खाऱ्या पाण्याचा वास यायला लागला. दोर ओढायचं बटण रोज जड होत होतं, पण मी हट्टाला पेटले होते. हातातोंडाशी आलेला घास मी सोडणार नव्हते.

गुरुवारी दुपारी एकदाची लय सापडली. चुकायचं नावच नाही. अंगठे सोलवटले तरी थांबले नाही.

नऊशे सत्त्याण्णव. नऊशे अठ्ठ्याण्णव.

बटण दबेना.

खालून कुणीतरी दोराला लोंबकळल्यासारखं ओझं होतं. मी दोन्ही अंगठ्यांनी, जीव खाऊन दाबलं.

नऊशे नव्याण्णव.

पाणबुड्या वर आला आणि होडीत चढून बसला.

होडीत दोन माणसं. तसं चित्र त्या काचेत नव्हतं.

मी किंचाळले, पण आनंदाने. जिंकले होते मी! लगेच छायाताईंना फोन लावला. "झाले! नऊशे नव्याण्णव झाले!"

 पलीकडून हळूच, "वर आले?"

"हो," मी म्हटलं. तेच तोंडातून निघालं.

त्या हसल्या, अगदी मोकळं, पोटभर. मलाच रडू आलं. दुसऱ्या दिवशी त्या ठरल्या विमानाने गेल्या.

पुढच्या शुक्रवारी संजयला मुद्दाम चहाला बोलावलं. त्याने काच तिरकी धरली आणि त्याचा चेहरा पडला. त्या चेहऱ्याची मी किती वर्षं वाट पाहिली होती!

"होडीत दोघं?" तो म्हणाला. "आणि पाण्यात तर बाई आहे, अनुपमा! ही बघ वेणी. हे मॉडेल जगात कुणाकडे नसेल यार. मानलं तुला."

मी त्याच्या हातावर पेढा ठेवला. वर, "अजून एक घे रे," म्हणून चिडवलंही.

रिद्धी, माझी लेक, सोफ्यामागून जाता जाता थबकली. "ममा, युअर हेअर इज स्टिल वेट."

"वाळतील गं," मी म्हटलं.

त्या गुरुवारपासून मी केसांवरून पाणी घेतलेलंच नाही.