शुक्रवार ते सोमवार

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या काखेत तंबू होता.

ऑनलाइन मागवलेला माल परत घेण्याच्या काउंटरवर मी बसते. लोक इथे तोंड पाडून येतात. हा हसत आला.

"परत का करताय?"

"डोंगरावर राहायला जायचं होतं... म्हणजे, जेवणाच्या सुट्टीत फोन चाळताना तसं वाटलं."

"आणि खोकं घरी आल्यावर?"

"गुडघे आठवले."

चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. मग दर शनिवारी यायला लागला. कधी तिसरा मिक्सर, कधी गिटार. मी खोक्याची टेप मुद्दाम सावकाश सोडवायची. तेवढ्यात तो माझा चष्मा मागून घ्यायचा, रुमालाने पुसायचा.

"की राहू देऊ तसाच? धुरकट काचेतून मी बरा दिसत असेन."

"पुसून द्या, मग सांगते!"

शेजारच्या काउंटरवरची ताई हळूच म्हणायची, "अगं, हा नग तेवढा ठेवून घे."

एकदा त्याने लहान मुलाची सायकल आणली. घरात मूल नाही, दुसरं माणूसच नाही. त्या दिवशी मला हसू येईना.

"शुक्रवारी संध्याकाळी फोन कपाटात ठेवा, सोमवारी काढा," मी म्हणाले. "बघा, कशाची आठवण येते ते."

मनात म्हटलं — माझी येईल.

सहा शनिवार कोरडे गेले. सातव्या शनिवारी तो आला, हात रिकामे. मी पटकन केस सारखे केले.

"काहीसुद्धा मागवलं नाही! सोमवारपर्यंत सगळी हौस विरून जाते हो."

"वा!"

तो काउंटरवर बोट फिरवत राहिला. "खरं सांगू? तुम्हाला विचारणार होतो मी... लग्नाचं. अंगठीही निवडून ठेवली होती फोनमध्ये. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं."

"मग...?"

"सोमवारी फोन उघडला, अंगठी पाहिली... आणि वाटलं, कशाला?" मग घाईघाईने, "तुमच्यात काही कमी नाही हो! मीच असा..."

"बरं झालं," मी म्हणाले. "अंगठ्या आम्ही परत घेत नाही."

तो हसला — शेवटचा पेपर देऊन बाहेर पडलेल्या मुलासारखा. "तुमच्या सल्ल्यानं वाचलो बघा," म्हणाला आणि गेला.

"पुढचे या," मी हाक दिली. आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या आवाजावरचा माझा राग अजून गेलेला नाही.