गुळाचा कालचाच भाव

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. भक्तिभावाने केलेलं कामसुद्धा एखाद्या निरपराध जिवाला कसं कोंडून घालतं, ते आज सांगतो. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि पुण्याच्या अंगात कॉम्प्युटरचं वारं शिरलं होतं.

मार्केट यार्डात गुळाच्या लिलावाचे भाव मोठ्या फलकावर दाखवायचं काम वैजनाथराव बोराट्यांच्या कंपनीकडे होतं. एका दुपारी त्यांचा हडपसरला कल्याणीच्या ऑफिसात फोन गेला. "असाल तशा या." मशीन चालवणाऱ्या युनिक्स प्रणालीची जाणकार म्हणून तिचं नाव होतं. ती मशीनच्या खोलीत शिरली आणि पाठीमागे शटर खाली आलं. किल्ली वैजनाथरावांच्या खिशात गेली.

खोलीला खिडकी नव्हती. कोपऱ्यात चेतन मेश्राम, नागपूरकडचा तरुण प्रोग्रामर, मान खाली घालून बसला होता.

"हा आपला गुन्हेगार," वैजनाथराव म्हणाले. "मशीनमध्ये आजचा भाव भरलाय, फलकावर कालचाच! व्यापाऱ्यांनी दगड मारले. याची कुणाशी तरी हातमिळवणी आहे. फौजदार निघालेत. तोवर कोणी बाहेर जाणार नाही."

"मीसुद्धा?"

"आपणही. पुराव्याला पाय फुटतात."

"पुरावा मशीनमध्ये आहे, माझ्या पर्समध्ये नाही," म्हणत कल्याणीने खुर्ची ओढली.

चेतनची पहिलीच नोकरी. पोलिसांनी नेलं, तर दुसरी कोण देणार?

"प्रोग्राम किती?" तिने विचारलं.

"दोन, मॅडम. एक भाव भरतो, दुसरा फलकावर दाखवतो. मध्ये सामायिक मेमरी. म्हणजे एकच फळा. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं."

"चालू कधी करतोस?"

"फलकाचा रात्रंदिवस चालूच असतो. भाव भरायचा रोज सकाळी, लिलावाआधी."

"एरर?"

"तेच तर! एकही नाही. पंधरवड्यात एखाद्या दिवशी असं होतं. मशीन बंद करून चालू केलं की ठीक. आज साहेबांनी हातच लावू दिला नाही."

"बरं झालं." तिने मशीनकडून सामायिक मेमरीची यादी मागवली. पडद्यावर दोन तुकडे आले.

"एका कामाला दोन फळे?"

चेतन ताडकन उठला. "शक्य नाही! फळ्याचा पत्ता दोघंही एकाच फाइलवरून काढतात. 'श्री' नावाची. उद्घाटनाला साहेबांनीच पहिली फाइल देवाच्या नावाने करवली. म्हटलं, हिला कोण हात लावणार?"

"बिघाडाचे दिवस आठव."

"तारखा नाही आठवत. पण त्या दिवशी ऑफिसात साबुदाण्याची खिचडी असते. दर खेपेला. मला उपास नसतो, पण इथे सगळ्यांना तीच."

कल्याणीच्या सासूबाईंचाही आज एकादशीचा उपास होता. ती वळली. "वैजनाथराव, एकादशीला आपण इथे सगळ्यांच्या आधी येता?"

"येतो. मशीनला हळदकुंकू वाहतो. तेही चुकलं?"

"आणि 'श्री' फाइलला?"

वैजनाथराव घुटमळले. "देवापुढचं निर्माल्य काढून ताजं फूल ठेवतो ना आपण? तसंच. नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतो. नाव तेच, मजकूर तोच. तसूभर फरक नाही!"

"आपल्या डोळ्यांना नाही. पण युनिक्स प्रत्येक फाइलला आपला एक क्रमांक देतं. फाइल नवी, क्रमांक नवा. फळ्याचा पत्ता त्या क्रमांकावरून निघतो. फलकाच्या प्रोग्रामने पत्ता काढला होता जुन्या फाइलवरून. तो जुन्याच फळ्याकडे बघत बसला. आपली पूजा झाल्यावर चेतनने भावाचा प्रोग्राम चालू केला, त्याला नवा फळा मिळाला. त्याने आजचा भाव इमानाने लिहिला, पण तिथे वाचायलाच कोणी नव्हतं. दोघांच्याही लेखी सगळं ठीक, म्हणून एरर नाही. मशीन बंद करून चालू केलं की दोघं नव्या पत्त्यावर एकत्र येतात." तिने खुर्ची मागे सारली. "चोर कोणीच नाही, वैजनाथराव. पण हात आपला आहे."

बाहेर शटरवर काठी वाजली. "बोराटे! उघडा. कुठाय तो?"

वैजनाथरावांनी खिशातून किल्ली काढली. आतली गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती. गप्प राहणं सोपं होतं. शटर वर गेलं.

"साहेब, तो मीच," ते म्हणाले. "या पोराला विनाकारण कोंडलं."

चेतन उजेडात आला आणि गुळाच्या ढेपांशेजारी छाती भरून श्वास घेत उभा राहिला.

मंडळी, देवाला ताजं फूल जरूर वाहा. पण हात जोडाल तेव्हा या चेतनची आठवण ठेवा. कोणी विश्वास ठेवत नव्हतं, तरी ते लेकरू विचारलं तेवढं खरंच सांगत राहिलं.