ठुशीची चार मापं

भद्रकालीच्या बाजारात, भर दुपारी, खुर्शीदाची ठुशी तटकन तुटली आणि मणी उड्या मारत पार नियाज पटवेकऱ्याच्या ओट्याखाली गेले.

नियाजचा धंदा दागिने रेशमी दोऱ्यात गाठवून द्यायचा. हातातली लड टाकून तो धुळीत गुडघ्यावर बसला, एकेक मणी वेचू लागला.

"किती होते?"

"ते वेचणाऱ्यानं बघावं," खुर्शीदा म्हणाली.

त्यानं हसून वर पाहिलं... आणि तिचा हात झटकन गळ्यावर गेला. त्याला वाटलं, लाजली! पुरुषाला दुसरं काय वाटणार? गळ्यावर मधोमध बोराएवढी गाठ होती, ती झाकायला हात गेला होता. ठुशी तुटली तीही त्या गाठीनंच. इसाक कल्हईवाल्याची ही बिनआईची लेक. गळ्यात गाठ असलेली पोर कोण करून घेणार, या धास्तीनं तिनं सख्ख्या फुफीला, बापाच्या बहिणीलाही ती दाखवली नव्हती.

पटवेकऱ्याची रीत अशी, की बाईच्या गळ्याला तो हात लावत नाही. खुर्शीदानं ओढणीच्या आत स्वतःच दोरा गुंडाळून गाठ मारली, सोबत आलेल्या फुफीनं तो दोरा त्याच्याकडं दिला. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप तो खुंटीला टांगून ठेवी.

दोन महिन्यांत ठुशी परत आली. आवळते म्हणे. मग पुन्हा. मग पुन्हा... सहा महिन्यांत चार खेपा. नियाज शुक्रवार नसताना अत्तर लावायला लागला.

"तुमचा गळा आमच्यावर फारच नाराज दिसतो."

"काम कच्चं असलं की नाराज राहणारच."

"मग रोज या ना... रोज पक्कं करून देतो."

"रोज यायला मी काय पाणी घालणारा भिश्ती आहे?"

ती हसे, आणि घरी जाऊन आरशापुढं रडे. तो कशावर हसतोय हे तिला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

चौथ्या खेपेनंतर त्यानं सहज चारही दोरे मांडीवर शेजारी ठेवले. हसू जागच्या जागी विरलं. पोरगी अंगानं वाळत चालली होती आणि गळ्याचं माप दर खेपेला वाढत होतं! तो तडक फुफीकडं गेला. जुलेखाफुफीनं घरी येऊन ओढणी ओढली, गाठ पाहिली, दोन हात कपाळावर मारले आणि दुसऱ्या दिवशी पोरीला दवाखान्यात नेलं. दोरे घेऊन नियाजलाही बाहेर बसवलं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी मागं उभं राहून बोटांनी गाठ चाचपली. पेल्यातलं पाणी घोटघोट प्यायला लावलं. जबड्याखाली, मानेच्या दोन्ही अंगांना दाबून पाहिलं. नाव मोठ्यानं सांगायला लावलं.

"गिळताना वर-खाली होते, बरंय. आवाज बसलेला नाही, आजूबाजूला दुसऱ्या गाठी नाहीत. लागते मात्र कडक. किती दिवसांची?"

"लहानपणापासनं," खुर्शीदा म्हणाली. "एवढीच आहे... वाढली नाही."

"मग घाई नको."

पडदा सरकवून नियाज आत आला. "साहेब, ते खरं नाही." त्यानं चार दोरे टेबलावर मांडले.

खुर्शीदाच्या अंगाची लाही लाही झाली. "हा कोण? मी नाही ओळखत याला! परक्या बायकांच्या गळ्याची मापं जपणारा बदमाश!"

नियाज मागं वळला. दोरे तिथंच ठेवून पायऱ्या उतरून गेला.

डॉक्टरांनी मोजपट्टी लावून दोरे मोजले आणि चष्मा काढला. "बाळ, कडक गाठ एवढ्या वेगानं वाढली तर कॅन्सरची शंका धरावीच लागते. वरून हात लावून खात्री होत नाही. मुंबईला ती काढतील, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील, मग कळेल."

मुंबईला गाठ निघाली. निकालाचं पत्र यायचं होतं. पट्टी बांधून खुर्शीदा नाशिकला परतली. आता गाठीची लाज उरली नव्हती. उरली होती त्या एका शब्दाची. बदमाश! गिळताना टाके दुखत, त्याहून तो शब्द दुखे.

शेवटी फुफीला घेऊन ती बाजारात गेली. भर उजेडात, पट्टी उघडी ठेवून. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"त्या दिवशी मी दोनदा खोटं बोलले," ती म्हणाली. "एकदा डॉक्टरांशी... एकदा तुमच्याविषयी. सगळ्यांदेखत बोलले, म्हणून सगळ्यांदेखतच माफी मागते."

नियाजची मान खाली गेली. "लाज मला वाटायला हवी. मापं समोर टांगलेली होती, आणि मी समजत होतो तुम्ही माझ्यासाठी येता."

"तीन खेपा गळ्यासाठीच आले."

"आणि चौथी?"

"चौथ्यांदा ठुशी फारशी आवळत नव्हती... गोंडा मीच घरी उसवला होता."

फुफीला एकाएकी समोरच्या बांगड्यांत फार रस वाटू लागला.

"आज इसाकमियांना भेटायला येतो," नियाज हळूच म्हणाला.

"वेडे आहात? मुंबईचं पत्र येऊ द्या. चांगलं नसलं तर..."

"तर वाचायला दोघं असू. पत्र पाहून आलो, तर जन्मभर तुमच्याकडं मान वर करून बघता येणार नाही मला."

खुर्शीदानं पट्टीवर बोट टेकवलं. मग ओढणी आणखी मागं सारली.

"असरच्या नमाजनंतर या," ती म्हणाली. "त्या आधी अब्बा भट्टीपाशी असतात... कुणाचं ऐकत नाहीत."