शेवटचे पंधरा मीटर

कोल्हापूरच्या जलक्रीडा प्रयोगशाळेत, तलावाचा काठ धरून ऋजुता मगदूम खोकत होती. शंभर मीटर संपले होते. भिंतीवर आकडा उमटला : साठ सेकंद, चार दशांश. राष्ट्रीय संघात जायचं तर एकोणसाठच्या आत यायला हवं होतं. आज आता एकच फेरी उरली होती, चार वाजता.

"परत डोकं वर काढलंस!" प्रशिक्षक बाबर सर ओरडले. "शेवटचे पंधरा मीटर श्वास घ्यायचा न्हाई, किती येळा सांगू? बाकीच्या सातजणी तशाच एकोणसाठच्या आत न्हाईत का आल्या? मॅडम, पोरगी पाण्याला भिते."

सतरा वर्षांच्या ऋजुतानं पोहायचा चष्मा कपाळावर सरकवला.

डॉ. निलोफर मुजावर तिच्या दंडावरची आम्लदर्शक पट्टी वाचत होत्या. आठही मुलींच्या कातडीखाली त्यांनी तांदळाएवढा क्षारकोश बसवला होता. जोरात पोहताना रक्तात आम्ल वाढतं. ते वाढलं की कोश उघडतो, क्षार सोडतो आणि दमणं थोडं लांबतं.

"सर, लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला तर?"

"फसफसतं. हे काय इचारणं झालं?"

"हिच्यात तेच होतंय. क्षारानं आम्ल मारलं की वायू तयार होतो. तो रक्तात विरघळतो, पण बाहेर पडायची वाट एकच, श्वासाची. नेमकी तीच तुम्ही बंद केलीत. वायू कोंडला की मेंदू सांगतो, श्वास घे. ती भित्री नाही सर. तिचा कोश झकास चाललाय."

"पण नियम माझ्या वस्तादांचा हाय."

"वस्तादांच्या वेळी कोश नव्हता."



चार वाजता ऋजुता पुन्हा उतरली. पंधरा मीटर उरले तेव्हा सर काठानं पळत सुटले. "घे श्वास! घे गं, पायजे तेवढा घे!"

अठ्ठावन्न सेकंद, सात दशांश.

सरांनी शिट्टी फुंकून तलाव डोक्यावर घेतला. डॉक्टरीणबाईंनी मात्र बाकीच्या सातजणींच्या पट्ट्या मागवल्या. त्यांची वेळ साधली होती, म्हणून त्या कुणी वाचल्याच नव्हत्या.

"यांचं आम्ल उतरलेलंच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "सातही कोश उघडलेच नाहीत."

"मग त्या एकोणसाठच्या आत आल्या कशा?"

"पोहून."

टॉवेल गुंडाळून उभ्या ऋजुतानं ते ऐकलं. तिनं दंड पुढे केला. "मग माझाबी काढा, मॅडम."

"अगं, कोशाशिवाय पोहायचं म्हटलं की आजची वेळ बाद होईल. उद्या चुकलीस तर संघातली जागा जाईल."

"उद्या परत देते की. त्यांना जमलं, मला न जमायला काय झालं?"

डॉक्टरीणबाईंनी सरांकडे पाहिलं. सर भिंतीपाशी गेले आणि त्यांनी आकडा पुसला.

"सकाळी सहाला ये," ते म्हणाले.