संपलेला बफर

ती आत आली आणि मलाच साहेब समजली. रंगकारखान्याच्या प्रयोगशाळेत तेव्हा मी एकटाच होतो, म्हणून असेल. मी काही बोलणार तोच खरे साहेब आले. नोकरीची परीक्षा म्हणून त्यांनी तिच्यासमोर दोन छोट्या बाटल्या ठेवल्या. एकीत बफर, म्हणजे थोडं अ‍ॅसिड किंवा अल्कली पडलं तरी फारसं न बदलणारं द्रावण, दुसरीत भरपूर पाणी घातलेलं अ‍ॅसिड. दोन्हींत अ‍ॅसिड तपासायची कागदी पट्टी सारखीच पिवळट व्हायची. बफर ओळखला तर नोकरी. तिच्यावर लक्ष ठेव, असं मला सांगून ते गेले.

ते काम मी मनापासून केलं.

तिने दोन नळ्यांत थोडं थोडं घेतलं आणि कॉस्टिक सोड्याचा एकेक थेंब टाकला. एका नळीत पट्टी लगेच निळी झाली. दुसरीत पिवळटच राहिली.

हाच बफर, ती म्हणाली. काम झालं होतं. पण तिने आणखी एक थेंब टाकला... मग आणखी एक. आता काय शोधताय, मी विचारलं. म्हणाली, हा कुठवर दाद देत नाही ते बघतेय. पुढे संसारात माझा रागही ती असाच बघायची, कुठवर टिकतो ते. ती गेल्यापासून तो कोणी तपासत नाही.

नळीतल्यावर तिचं भागेना, ती बाटलीतला उरलेला बफरही ओतत गेली आणि बघता बघता सगळी बाटली रिकामी झाली. शेवटी पट्टी निळी झाली, तेव्हा तिचा चेहरा असा खुलला की मी पट्टी बघायचीच विसरलो.

साहेबांनी येऊन बफर मागितला.

"संपला," ती म्हणाली.

मग नवीन करून दाखवा, नाहीतर निघा, साहेब म्हणाले. टेबलावर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि तोच कॉस्टिक सोडा होता, दोन्ही सारख्याच ताकदीचे. सोडा अ‍ॅसिडइतकाच ओतला तर अ‍ॅसिड उरतच नाही आणि बफर होत नाही. घाईत भलेभले तिथे फसतात. तिने हळूच माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. मनात मात्र एकच होतं – ही निघाली तर पुन्हा कुठे दिसणार?

तिने सोडा अ‍ॅसिडच्या निम्माच ओतला. वर एक थेंब टाकून दाखवला. पट्टीचा रंग हलला नाही. उद्यापासून कामावर या, म्हणून साहेब निघून गेले.

नळ्या विसळता विसळता ती म्हणाली, "निम्मा म्हणून नुसतं खुणावलं असतंत, तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हाला ते जन्मभर टोचलं असतं."

"जन्मभर मला काय टोचतंय, ते तुम्हाला कसं कळणार?"

"जवळ असलो... तर कळेल."

बोललो आणि जीभ चावली. ती नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. पाणी वाहत होतं.

"का?" तिने विचारलं.

"तुम्ही आवडलात म्हणून."

"बरं," ती म्हणाली, आणि ओली नळी माझ्या हातात दिली. ती एक नळी पुसायला मला फार वेळ लागला.