कूस बदलायची वेळ

रिसेप्शनवरचा गार्ड डबा आत सोडत नव्हता आणि डबा घेऊन आलेला माणूस मागे सरत नव्हता.

“भाई, आपका पेशंट नली से खाता है,” गार्ड म्हणत होता. “मच्छी किसको खिलाओगे?”

“खिलाना नहीं है. सुंघाना है.” आणि मग तो स्वतःशीच पुटपुटला, “अब्बांना वास तरी घेऊ दे रे…”

सफा धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन लिफ्टकडे चालली होती. ते मराठी कानावर पडलं आणि तिचे पाय थांबले. आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीत, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या त्या सेंटरमध्ये दिवसभर मल्याळम, फिलिपिनो, अरबी सगळं ऐकू यायचं. कोकणातलं बोलणं मात्र क्वचित.

“कुठला बेड?”

“बारा. खैरुद्दीन. मी त्यांचा मुलगा, वासिफ.”

“चला. झाकण मी उघडणार. दोन मिनिटं, आणि थेंबसुद्धा तोंडात जाता कामा नये.”

खैरुद्दीन मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं फोरमन होते. दहा महिन्यांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला. उजवं अंग, वाचा, गिळणं… सगळं एका सकाळी गेलं. उरले फक्त डोळे. सफानं झाकण काढलं. सुरमईच्या कालवणाचा, कोकमाचा, लसणीचा वास पडद्याआड दाटला. म्हाताऱ्याच्या नाकपुड्या हलल्या. मग डोळ्याच्या कडेतून पाणी निघून कानाकडे ओघळत गेलं. वासिफ खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“अम्मीनं पहाटे उठून केलंय,” तो तिकडे बघतच म्हणाला.

“मीठ कमी आहे.”

तो वळला. “वासावरून कळतं?”

“श्रीवर्धनची आहे मी. दाभोळवाल्यांचं मीठ कमीच असतं.”

“आम्ही दाभोळचे, हे कसं ओळखलंत?”

“फाइलवर लिहिलंय,” सफा म्हणाली आणि झाकण लावून निघून गेली. पण लिफ्टच्या आरशात तिला आपलंच हसू दिसलं. किती महिन्यांनी!

हसण्यासारखं त्या मजल्यावर काही नव्हतंच. तिथून माणसं घरी जात नसत. चार वर्षं सफा तिथे मदतनीस होती. अंग पुसायचं, कपडे बदलायचे, उचलायचं, वळवायचं. गेल्या वर्षी सेंटरनंच तिला फाउंडेशन डिग्रीला पाठवलं होतं. दोन दिवस कॉलेज, चार दिवस वॉर्ड, असं दोन वर्षं केलं की नर्सिंग असोसिएट. मदतनीस आणि नर्स यांच्या मधली पायरी. औषधं द्यायची, जखमा बघायच्या, चार्टवर स्वतःच्या नावानं सही करायची. त्या सहीसाठी ती बसमध्येसुद्धा पुस्तक उघडून बसायची.

वॉर्डच्या इनचार्ज अनुराधा सिस्टर मूळच्या पुण्याच्या. सफाची परीक्षा त्याच घेत. त्यांनी सांगितलं होतं, दहा निरोगी माणसांची नाडी आणि ब्लडप्रेशर मोजून वहीत लिही. नऊ झाली होती. रविवारी वासिफ आला तेव्हा तिनं पट्टा पुढे केला.

“निरोगी आहात ना?”

“कालपर्यंत होतो.”

तिनं त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. बोटींच्या कारखान्यात फायबर घासून घासून खरबरीत झालेला हात. ती घड्याळाकडे बघत राहिली, तो तिच्याकडे…

“एकशे चार,” ती म्हणाली. “जास्त आहे.”

“जिना चढून आलो.”

“लिफ्टनं आलात. मी पाहिलं.”

“मग तुम्हीच सांगा डॉक्टर, कशानं असेल?”

“मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. आणि बोलू नका, ब्लडप्रेशर चुकतं.”

तो खरंच गप्प बसला, आणि तेच तिला जड गेलं.

मग रविवार यायला लागले. वासिफ उम्म अल कुवैनहून दोन तास गाडी चालवत यायचा. अम्मीचे गुडघे गेलेले, ती फारशी यायची नाही. तो अब्बांना गावच्या गोष्टी सांगायचा आणि सफा पलीकडच्या बेडपाशी उगाचच रेंगाळायची. कधी बाहेरच्या दमट हवेनं धुरकटलेला चष्मा घेऊनच तो आत यायचा, आणि ती न बोलता टिश्यूचा डबा पुढे सरकवायची. फोन नंबर कुणी आधी दिला, यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही.

नियम साधा होता. ड्यूटीवर स्वतःचा फोन वापरायचा नाही. आणि दुसरा त्याहून साधा. बारा नंबरची दर दोन तासांनी कूस बदलायची.

त्या मंगळवारी दोनला पाच कमी असताना खिशातला फोन थरथरला. वासिफ या वेळी कधी करत नसे. ती चादरींच्या खोलीत शिरली.

“काय झालं?”

“काही नाही. म्हणजे… जेवायची सुट्टी आहे. समुद्राकडे तोंड करून बसलोय.”

“हे सांगायला फोन केलात?”

“नाही. माझ्याशी लग्न कराल का, हे विचारायला.”

तिनं कपाळ चादरींच्या गठ्ठ्यावर टेकवलं. साबणाचा वास. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि त्याच्या श्वासाचा.

“सफा?… आहात ना?”

“रविवारी सांगते,” ती म्हणाली, पण फोन लवकर काही ठेववेना. तो अम्मीबद्दल बोलला, दाभोळच्या घराबद्दल बोलला. बाहेर आली तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. सात नंबरचा ऑक्सिजन खाली आला होता, सगळे तिकडे धावत होते. मग नवा पेशंट आला. ती धावली, उचललं, लिहिलं, आणि या सगळ्याखाली तिच्या आत काहीतरी गुणगुणत राहिलं. चार वाजून गेलेलेही तिला कळले नाहीत. बारा नंबर आपण वळवला, असं तिला अगदी पक्कं वाटत होतं.

सहा वाजता तिनं आणि ड्यूटीवरच्या जोडीदारानं, विघ्नेशनं, पडदा ओढला. खैरुद्दीन पाठीवरच होते. दुपारी बाराला उशी ठेवली होती तिथेच होती. डोळे उघडे, तिच्याकडे लागलेले.

त्यांना कुशीवर घेतलं. माकडहाडावर तळहाताएवढा लाल डाग. सफानं बोटानं दाबलं आणि उचललं. दाबल्यावर कातडी पांढरी व्हायला हवी. लाली तशीच राहिली, म्हणजे आत जखम सुरू झाली होती.

चार्टवर दोनचा चौकोन रिकामा, चारचाही.

“दोन टिक मार,” विघ्नेश हळूच म्हणाला. “मी सही करतो. सगळेच करतात. खलास.”

सफाच्या हातात पेन होतं. दोन वर्षं, कॉलेज, ती सही. आणि वासिफ. सगळं त्या दोन चौकोनांत मावत होतं. तिनं लिहिलं, ‘वळवलं नाही’. दोन्हीकडे. मग अनुराधा सिस्टरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

सिस्टरांनी रिपोर्ट वाचला. “कारण ‘फोनवर होते’ असं लिहिलंयस.”

“हो.”

“कुणाशी?”

सफानं सांगितलं. सिस्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“त्यांना साखर आहे, अंगात मांस राहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुझ्यामुळेच झालं, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. तुझ्यामुळे नाही झालं, असं मीही सांगणार नाही. उद्यापासून दुसरा मजला. कोर्समध्ये सहा महिने मागे जाशील. पुढचं कमिटी ठरवेल. घरच्यांना डॉक्टर कळवतील.”

“फोनचं मी सांगते, सिस्टर.”

“का? रागावून त्यानं तक्रार केली तर तुझं सगळंच संपेल.”

“त्याला दुसऱ्याकडून कळायला नको.”

रविवारी तिनं त्याला पार्किंगमध्ये गाठलं. उन्हानं गाड्यांचे पत्रे तापले होते. तो तिला बघून हसला. उत्तर मिळणार म्हणून दाढीसुद्धा करून आला होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

“फोन माझाच होता,” तो म्हणाला.

“हो. पण वळवायचं काम माझं होतं.”

“अब्बा सहा तास… तसेच?”

“तसेच.”

तो तिला वळसा घालून आत निघून गेला. तक्रार त्यानं केली नाही. फोनही केला नाही.

जखम खोल गेली. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. सफाला त्या मजल्यावर जायची मनाई होती. खालच्या मजल्यावर ती परक्या माणसांच्या कुशी बदलत राहिली, दर दोन तासांनी, मिनिट न चुकवता, आणि प्रत्येक वेळी तिला वरचा बेड दिसायचा. चोविसाव्या दिवशी सकाळी सिस्टर स्वतः खाली आल्या. त्यांनी नुसती मान हलवली. सफानं हातातल्या आजीबाईंचं अंग पुसून पूर्ण केलं, चादर नीट खोचली, आणि मग चादरींच्या खोलीत जाऊन खाली बसली.

बनियासच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं, एवढं तिला कळलं.

महिन्याभरानं वासिफचा फोन आला, ड्यूटी संपल्यावर, वेळ बघून. “अम्मीला मी सगळं सांगितलंय. तिनं बोलावलंय.”

“मी यावं, असं तुम्हाला वाटतंय का?”

“माहीत नाही,” तो खरं तेच म्हणाला. “रात्री झोप लागत नाही. राग येतो. कधी तुमचा, कधी माझा. पण राग आला की सांगावंसं तुम्हालाच वाटतं. हे काय आहे, मला कळत नाही.”

उम्म अल कुवैनमधलं दोन खोल्यांचं घर. वासिफची अम्मी, जैनब, पांढरी ओढणी घेऊन गालिच्यावर बसली होती. ती इद्दतीत होती. नवऱ्यामागे सव्वाचार महिने घराबाहेर पडायचं नव्हतं. तिनं सफाला समोर बसवलं आणि वासिफला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं.

“जखम केवढी होती?”

आपण शेवटची पाहिली तेवढी सफानं हातानं दाखवली.

“दुखत होतं का त्यांना?”

आराम होता, असं म्हणता आलं असतं. सगळे तसंच म्हणाले असणार. “हो,” सफा म्हणाली. “सांगता येत नव्हतं त्यांना. पण दुखलं असणार.”

जैनब रडली. आवाज न करता, ओढणीचं टोक दातांत धरून. सफानं तिला हात लावला नाही. तेवढा हक्क आपला नाही, असं तिला वाटलं. बाहेर कुठेतरी गाडी मागे घेतल्याचा पीं पीं आवाज येत राहिला.

“मला सगळ्यांनी सांगितलं, झोपेत गेले, काही कळलं नाही,” जैनब अखेर म्हणाली. “मी त्यांच्याबरोबर बेचाळीस वर्षं काढली. मला ठाऊक होतं, खोटं आहे.” तिनं डोळे पुसले. “तुला माफ केलं, असं म्हणत नाही हां मी. म्हणवत नाही.”

“नका म्हणू, खाला.”

“लग्नाचंही आत्ता विचारायचं नाही. माझ्या दारावर अजून मौत बसलीय. पण रविवारी येत जा. इद्दत सरेपर्यंत. बस माझ्याजवळ. कसली मुलगी आहेस, बघू दे मला.”

वासिफ तिला गाडीनं बस स्टँडपर्यंत सोडायला निघाला. खाडीवरून खारट वारा येत होता. स्टँड आला तरी त्यानं इंजिन बंद केलं नाही.

“दर रविवारी दोन तास यायचं, दोन तास जायचं,” तो म्हणाला. “अम्मी कधी बोलेल, कधी तोंडही फिरवेल. मीसुद्धा… काही दिवस वाईट असतात माझे.”

“माझेही.”

“येशील?”

पहिल्यांदाच तो ‘तू’वर आला होता. सफानं ओढणी सारखी केली, दार उघडलं, आणि उतरता उतरता थांबली.

“हो.”

“कशाला हो? रविवारला, की…?”

“आधी रविवारला,” ती म्हणाली. बस सुटायला आली होती, तरी ती घाई न करता दार धरून उभी राहिली.